भांड्याला भांडे

सेमिनरीच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक काळा फळा टांगलेला असे आणि दर सोमवारी त्यावर आठवड्याच्या पाळ्या लिहिल्या जात. प्रार्थनागृहाची घंटा कोणी वाजवायची, सकाळच्या उपासनेत शास्त्रवाचन कोणी करायचे, रात्री वाचनालयाचे दिवे कोणी मालवायचे आणि जेवणानंतरची भांडी कोणी घासायची, असे त्यात चार रकाने होते. पहिल्या तीन रकान्यांत नावे आपण होऊन येत, कारण घंटा वाजवण्यात एक प्रकारचा मान होता, वाचनात तर होताच आणि वाचनालयाचे दिवे मालवणाऱ्याला रात्री उशिरापर्यंत एकट्याने पुस्तकांत बसण्याची मुभा मिळे. चौथ्या रकान्यातले नाव मात्र मंगळवारपर्यंत कोणाच्या तरी बाहीला लागून पुसले जाई, आणि ती बाही ज्याचे नाव त्याचीच असे, असा माझा संशय आजही कायम आहे. माझ्याही बाहीला तो खडू एक-दोनदा लागला होता, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे.

ती सेमिनरी, म्हणजे चर्चचे पाळक घडवणारी निवासी शाळा, लुथरन होती; सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर याला मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाची. ती कोणत्या गावी होती हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मी तेथे तीन वर्षे राहिले, पुढे पाळक झाले नाही आणि भाषा शिकवण्याच्या कामाला लागले. तेथे शिकलेल्या धर्मशास्त्रातले बरेचसे आता विसरले आहे. परंतु तो फळा आणि त्यावरचा चौथा रकाना मनातून जात नाही, कारण 'सामूहिक जीवन' या भारदस्त शब्दाचा खरा पेच तेथेच होता, असे मला उशिरा उमगले. सेमिनरी हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ रोपवाटिका असा आहे. वाफ्यातली रोपे एकमेकांच्या अगदी जवळ वाढतात आणि एकमेकांची माती खातात, ही त्या उपमेतली अडचणीची बाजू माहितीपत्रकात कोणी छापत नाही.

लुथरन सेमिनरीचा पेच इतर कोणत्याही वसतिगृहापेक्षा थोडा जुना आणि थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. मार्टिन लुथर स्वतः मठातला माणूस होता. १५०५ मध्ये तो एरफुर्टच्या ऑगस्टिनियन मठात शिरला आणि जवळजवळ वीस वर्षे त्या संघाचा झगा अंगावर वागवून १५२४ मध्ये त्याने तो उतरवला. मठवासाच्या शपथेने माणूस देवाच्या अधिक जवळ जातो, या समजुतीवर त्याने १५२१ मध्ये लेखणी उचलली ती अशी की, जर्मन प्रदेशांतले कितीतरी मठ त्यानंतर ओस पडले. पहाटे उठून स्तोत्रे म्हणण्याविरुद्ध त्याची तक्रार नव्हती. ती म्हटल्याने पुण्य साठते, या हिशेबाविरुद्ध होती. तारण कृपेने मिळत असेल तर वेळापत्रकाने ते वाढत नाही, हा त्याचा साधा आणि जीवघेणा मुद्दा होता.

आणि मग पाहा काय झाले. १३ जून १५२५ रोजी त्याने निंबशेनच्या मठातून दोन वर्षांपूर्वी पळून आलेल्या काटरिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले आणि ते दोघे संसार थाटायला राहिले ते विटेनबर्गच्या त्याच मठाच्या इमारतीत, जेथून भिक्षू निघून गेले होते. रिकाम्या कोठड्या लवकरच भरल्या. सहा मुले झाली, वारलेल्या नातलगांची मुले आली, परागंदा होऊन आलेले प्रचारक आले आणि पैसे देऊन राहणारे-जेवणारे विद्यार्थी तर पुष्कळच आले. त्या सर्वांचा शिधा, बाग, गुरेढोरे आणि घरची बिअर गाळण्याचे काम काटरिना पाहत असे. १५४२ मध्ये आनहाल्टच्या राजपुत्र जॉर्जला या घरी उतरू नये असा सल्ला देण्यात आला होता, कारण तेथे मुले, विद्यार्थी, मुली, विधवा आणि म्हाताऱ्या बायका यांची अशी गर्दी असते की स्वस्थता म्हणून मिळायची नाही. जेवणाच्या टेबलाशी लुथर बोलत असताना विद्यार्थी भराभर टिपून घेत. त्या टिपणांचा मोठा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १५६६ मध्ये, प्रसिद्ध झाला. लुथरन परंपरेतली पहिली सेमिनरी कोणती, असे मला कोणी विचारले तर मी बिनदिक्कत ते टेबल दाखवीन. ज्याने मठ मोडला त्याच्याच घरात, मठाच्याच भिंतींच्या आत, विद्यार्थी आणि गुरू पुन्हा एका पंगतीला बसले होते. फरक इतकाच की आता तेथे रडणारी तान्ही मुले होती आणि कोणालाही पुण्य मिळत नव्हते. पुढे १८१७ मध्ये, विटेनबर्गचे विद्यापीठ हालेच्या विद्यापीठात विलीन झाल्यावर, त्याच आवारात पाळकांच्या प्रशिक्षणाची सेमिनरी रीतसर सुरू झाली.

टेबलावर बोललेले शब्द टिपून घेणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली. त्या टेबलावरची ताटे कोणी उचलली हे कोणी टिपले नाही. भांडी घासण्याचा प्रश्न मला तेथपासूनच लोंबकळत आलेला दिसतो.

'नवीकरण' हा शब्द आमच्या सेमिनरीत फार वापरात होता. वर्षाच्या सुरुवातीला नवीकरणाचे शिबिर असे, मध्ये नवीकरणाचा सप्ताह असे आणि दोन्हींच्या शेवटी आम्ही सर्व जण गहिवरून एकमेकांना मिठ्या मारत असू. मला त्याची टिंगल करायची नाही, तो गहिवर खराच असे. परंतु लुथरने १५२९ मध्ये सामान्य लोकांसाठी जो छोटा प्रश्नोत्तररूप धर्मबोध लिहिला त्यात बाप्तिस्म्याचा अर्थ सांगताना एक शब्द पुन्हा येतो, तो म्हणजे 'दररोज'. आपल्यातला जुना आदाम, म्हणजे पापाकडे ओढणारा स्वभाव, रोजच्या अनुतापाने बुडून मरावा आणि रोज नवा माणूस वर यावा, असा त्याचा आशय आहे. म्हणजे येथे नवीकरण हा वार्षिक सण नाही, ते दात घासण्याइतके नित्याचे आहे आणि जवळजवळ तितकेच अनाकर्षक आहे. जुना आदाम पोहण्यात पटाईत असतो, हे तर आम्ही रोज पाहतच होतो.

दुसऱ्या वर्षी आमच्यात भांडण लागले. निमित्त संध्याकाळच्या प्रार्थनेचे होते. काहींना छापील उपासनाक्रम हवा होता, कारण शतकानुशतके घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांत आपला क्षुद्रपणा कमी दिसतो. काहींना उत्स्फूर्त प्रार्थना हवी होती, कारण त्या गुळगुळीत शब्दांवरून मन घसरून जाते. दोन्ही बाजूंना थोडे थोडे तथ्य होते आणि म्हणूनच भांडण मिटेना. महिन्याभरात जेवणाची टेबलेही वाटली गेली. खिडकीकडचे टेबल छापीलवाल्यांचे आणि दाराकडचे उत्स्फूर्तवाल्यांचे. मी खिडकीशी बसत असे आणि दाराकडे बसणाऱ्यांविषयी, विशेषतः त्यांच्यातल्या एकीविषयी, आमच्या टेबलावर जे विनोद होत त्यातले बरेचसे माझे असत. भाषेची आवड माणसाला कोणत्या कामी येईल, काही सांगता येत नाही.

व्यवस्थापनाने यावर 'सामूहिक जीवनाच्या नवीकरणासाठी' एक समिती नेमली. समितीच्या सहा बैठका झाल्या, प्रश्नावली वाटली गेली, भरून घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष सूचनाफलकावर लागले. आम्हा सर्वांना अधिक आपुलकी हवी आहे, असा निष्कर्ष निघाला होता. तो कागद पुढल्या सत्रापर्यंत तेथेच होता.

त्याच सुमारास अभ्यासक्रमात फिंकनवाल्डे हे नाव आले. १९३५ साल. जर्मनीतली प्रॉटेस्टंट चर्चव्यवस्था नाझी राजवटीच्या दडपणाखाली वाकत होती. ज्यांना वाकायचे नव्हते त्यांनी आदल्या वर्षी बार्मेन येथे घोषणापत्र काढून स्वतःला 'कबुली देणारी मंडळी' म्हणवून घेतले होते. त्यांना पाळक घडवण्यासाठी स्वतःच्या सेमिनरी हव्या होत्या. त्यांपैकी एक चालवण्याचे काम डीट्रिख बोनहोफर या एकोणतीस वर्षांच्या लुथरन धर्मशास्त्रज्ञाकडे आले. त्याआधी तो लंडनमध्ये पाळक होता, तेथील अँग्लिकन संघांच्या मठवजा घरांना त्याने भेटी दिल्या होत्या आणि भारतात येऊन गांधीजींच्या आश्रमात राहण्याचीही त्याची तयारी चालली होती. १९३४ च्या नोव्हेंबरात गांधीजींचे निमंत्रणही आले होते. सेमिनरीची हाक आली आणि तो बेत राहून गेला. आश्रमातली संडास साफ करण्याची पाळी त्याच्या वाट्याला आली असती तर पुढे त्याने काय लिहिले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

एप्रिलच्या अखेरीस बाल्टिक समुद्राच्या काठी त्सिंग्स्ट येथे वर्ग सुरू झाले. तेथल्या सुरुवातीच्या दिवसांतली एक आठवण एबरहार्ट बेट्गे या त्याच्या विद्यार्थ्याने, जो पुढे त्याचा चरित्रकार झाला, लिहून ठेवली आहे. स्वयंपाकघरातून मदतीसाठी हाक आली. पाळकपदाचे उमेदवार बसून राहिले. बोनहोफर काही न बोलता उठला, आत गेला आणि कामाला लागला. मागाहून ओशाळून धावलेल्यांना त्याने आत घेतले नाही. नंतर तो समुद्रकाठी परत येऊन त्यांच्यात मिसळला आणि त्या गोष्टीविषयी त्याने अवाक्षर काढले नाही. ही गोष्ट वर्गात सांगितली गेली तेव्हा सगळे कौतुकाने हसले. मला हसू आले नाही. दार आतून बंद ठेवण्याची ती कृती मला फार कठोर वाटली होती. मदत करण्याची संधीही त्याने त्या मुलांना दिली नाही. लाज वाटण्याची मात्र पुरेपूर दिली. आता वाटते की एवढी तीक्ष्ण शिकवण आयुष्यात एकदाच देता येते. दुसऱ्यांदा दिली की ती नाटक होते, आणि त्याने ती दुसऱ्यांदा दिल्याचे मी कोठे वाचलेले नाही.

जूनमध्ये सेमिनरी स्टेटिनजवळ फिंकनवाल्डे येथे हलली. ती जागा आज पोलंडमध्ये, श्चेचिन शहरात आहे. पूर्वी खाजगी शाळा असलेले ते मोठे, दुरवस्थेतले घर उमेदवारांनी स्वतः डागडुजी करून राहण्याजोगे केले. मंडळ्यांकडे सामानसुमान मागण्यासाठी त्यांच्यातल्या एकाने पद्यात विनंतीपत्र रचले आणि आसपासच्या लोकांनी खरोखरच वस्तू आणि धान्य-भाजीपाला पाठवला. दिवसाची सुरुवात आणि शेवट दीर्घ सामूहिक उपासनेने होई. त्यात स्तोत्रसंहितेतील स्तोत्रे, जुन्या आणि नव्या करारांतील वाचने आणि गाणे असे. त्याशिवाय सकाळी अर्धा तास प्रत्येकाने मौन धरून शास्त्रातल्या एकाच छोट्या उताऱ्यावर चिंतन करायचे आणि तो उतारा आठवडाभर बदलायचा नाही. विद्यार्थी वैतागले. काहींना झोप येई, काहींना हे कॅथलिक वाटे आणि काहींना नेमके काय करायचे तेच कळेना. बाहेरूनही कुरबुर होतीच. खुद्द कार्ल बार्ट या नामवंत प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाने १९३६ च्या एका पत्रात, या चिंतनप्रकाराला मठाचा वास येतो अशा अर्थाची नापसंती कळवली होती.

बार्टच्या नाकाला दोष देता येत नाही. तो वास होताच. तो विटेनबर्गच्या त्या टेबलालाही होता. लुथरन माणूस सामूहिक जीवनाची घडी बसवू लागला की त्याच्या मागे त्याने स्वतः मोडलेला मठ येऊन उभा राहतो, आणि घडी बसवली नाही तर भांडी तशीच पडून राहतात. या दोन भयांच्या मधल्या पट्टीत या सेमिनरी गेली पाचशे वर्षे नांदत आल्या आहेत. सतराव्या शतकाच्या अखेरीस फिलिप याकोब श्पेनर या लुथरन पाळकानेही हेच धरले होते. धर्मशास्त्र शिकणाऱ्याचे जगणे त्याच्या अभ्यासाइतकेच महत्त्वाचे मानले जावे आणि प्राध्यापकांनी ते आपल्या वागण्यातून दाखवावे, असे त्याने १६७५ मध्ये लिहिले. आणि त्यावरही, हा पुन्हा कर्मांकडे चालला आहे, असा संशय घेतला गेलाच. मला वाटते या पेचातून लुथरने स्वतःच एक वाट १५२० मध्ये दाखवली होती: ख्रिस्ती माणूस कोणाचाही बांधील नाही आणि तोच सर्वांचा सेवक आहे. नियम देवासाठी नको असतो, कारण देवाला आपल्या वेळापत्रकाची गरज नाही. तो शेजाऱ्यासाठी हवा असतो, ज्याला उद्या सकाळी स्वच्छ कप लागणार आहे.

फिंकनवाल्डेत आणखी एक नियम होता आणि तो मला चिंतनाच्या अर्ध्या तासापेक्षा कितीतरी अवघड वाटतो. एखादा बांधव हजर नसताना त्याच्याविषयी बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर नंतर त्याला ते स्वतः जाऊन सांगायचे. बस्स, एवढाच. बेट्गेने पुढे असे नोंदवले आहे की, या साध्या नियमात पडताना आणि पुन्हा उठून तो पाळताना उमेदवार जे शिकले ते प्रवचने आणि व्याख्याने यांतून शिकले त्याच्या तोडीचे होते. आम्ही हा नियम वर्गात वाचला, वहीत उतरवून घेतला, परीक्षेत लिहिला आणि खिडकीच्या टेबलावर येऊन दाराच्या टेबलाविषयी बोलत बसलो.

मग स्वयंपाकाच्या बाई आजारी पडल्या. बदली कोणी मिळेना आणि अकरा दिवस आम्हालाच सगळे करावे लागले. फळ्यावरची नावे आता पुसता येईनात, कारण पुसणाऱ्याच्याच ताटात काही पडले नसते. तिसऱ्या की चौथ्या रात्री भांडी घासायला मी होते आणि माझ्याबरोबर, नावे पाळीने लिहिली गेल्यामुळे, जिच्याविषयी मी विनोद करत असे तीच मुलगी होती. मी घासत होते आणि ती विसळत होती. बराच वेळ भांड्यांचाच आवाज झाला. मग ती मान वर न करता म्हणाली, "माझ्याबद्दल तू जे बोलतेस ते मला कळतं सगळं."

पळून जायला जागा नव्हती. हात कोपरापर्यंत साबणात होते. हे मी विनोदाने लिहीत नाही. हात मोकळे असते तर मी काहीतरी सारवासारव करून, हातवारे करून निसटले असते. मी म्हणाले, "हो. बोलले मी. चुकलं माझं." त्यावर ती लगेच काही बोलली नाही. तिने तीन-चार ताटल्या विसळल्या. मग म्हणाली, "बरं. तो मोठा टोप इकडे दे."

इतकेच. मिठी नाही, अश्रू नाहीत. छापील आणि उत्स्फूर्त यांचा वाद पुढेही चालूच राहिला. ती शेवटपर्यंत दाराकडेच बसली, मी शेवटपर्यंत खिडकीकडे बसले आणि आम्ही जिवलग मैत्रिणीही झालो नाही. परंतु त्या रात्रीनंतर मला तिच्याविषयी तिच्या पाठीमागे बोलता येईना, आणि एकदा बोलले तेव्हा दुसऱ्या दिवशी जाऊन सांगावे लागले. ते सांगणे पहिल्यापेक्षा अधिक लाजिरवाणे होते. घरात भांड्याला भांडे लागायचेच, असे आपण समजुतीने म्हणतो. सेमिनरीत राहून मला त्या म्हणीची दुसरी बाजू दिसली. आवाज एकाच मोरीत असलेल्या भांड्यांचा होतो. वेगवेगळ्या फळ्यांवर मांडून ठेवलेली भांडी कधीच वाजत नाहीत.

लुथरच्या १५३७ च्या श्माल्काल्ड लेखांत, म्हणजे त्याने मांडलेल्या श्रद्धेच्या कलमांत, देवाची कृपा माणसापर्यंत कोणकोणत्या वाटांनी पोहोचते याची गणना आहे. प्रवचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पापक्षमेचा अधिकार. आणि मग बांधवांनी परस्परांशी बोलणे व एकमेकांना धीर देणे. हे शेवटचे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते तेव्हा ते पुरवणीसारखे जोडल्याचे वाटले होते. बोलण्याचा उल्लेख संस्कारांच्या रांगेत कशासाठी? आता वाटते, त्याला बोलण्याचा दोन्हीकडचा जोर ठाऊक होता. जी जीभ खिडकीच्या टेबलावर एका मुलीला दिवसेंदिवस लहान करत होती, तीच मोरीपाशी पाच शब्दांत मला लहान करून गेली, आणि त्यानंतर मला झोप लागली.

बाहेरचा दाब आला की सामूहिक जीवन आपोआप घट्ट होते, याचे उदाहरण म्हणून सेमिनेक्सची गोष्ट नेहमी सांगितली जाते. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील कॉन्कॉर्डिया सेमिनरीचे मूळ १८३९ मध्ये सॅक्सनीहून आलेल्या स्थलांतरितांनी उभारलेल्या लाकडी ओंडक्यांच्या खोपटात आहे. शास्त्राचा अर्थ कोणत्या पद्धतीने लावायचा यावरून तेथे चाललेल्या संघर्षात जानेवारी १९७४ मध्ये अध्यक्ष जॉन टीटजेन यांना निलंबित करण्यात आले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला, बहुसंख्य प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९ फेब्रुवारीला ते सगळे मिरवणुकीने आवाराबाहेर पडले. हिरवळीवर त्यांनी आपापल्या नावाचे पांढरे क्रूस रोवले होते. दुसऱ्या दिवसापासून वर्ग भरले ते उसन्या खोल्यांत, आणि त्या खोल्या देणाऱ्यांत जेझुइट या कॅथलिक संघाचे सेंट लुईस विद्यापीठ होते. लुथरच्या वारसांना जेझुइटांचा संस्थापक इग्नेशियस याच्या वारसांनी आसरा दिला. 'हद्दपारीतली सेमिनरी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून 'सेमिनेक्स' हे नाव पडले.

त्या काळातल्या माणसांच्या आठवणी वाचल्या की हेवा वाटतो. इमारत नाही, निश्चित भविष्य नाही, पदवी घेऊन बाहेर पडल्यावर कोणती मंडळी बोलावील याची खात्री नाही, आणि तरीही आपण एकत्र आहोत याची झिंग होती. पण मला या झिंगेविषयी थोडी भीतीही वाटते. समोर विरोधक असला की शेजारचा माणूस आवडू लागतो. तो शेजारी आहे म्हणून नव्हे, तर तो आपल्या बाजूचा आहे म्हणून. १९८३ पर्यंत सेमिनेक्सचे वेगळे अस्तित्व विरत गेले आणि तिचे बरेचसे प्राध्यापक शिकागोच्या लुथरन सेमिनरीत गेले. इकडे जुन्या आवारात मागे राहिलेल्या मूठभर प्राध्यापकांनी आणि थोड्या विद्यार्थ्यांनी आपली घडी पुन्हा बसवली आणि ती सेमिनरी आजही चालू आहे. मिरवणुकीची छायाचित्रे सर्वत्र छापली जातात. मिरवणूक निघून गेल्यानंतर रिकाम्या भोजनगृहात उरलेल्यांनी पहिले जेवण कसे घेतले असेल, हे मला अधिक जाणून घ्यावेसे वाटते.

फिंकनवाल्डेला तर घर सोडावे लागले ते कायमचेच. १९३७ च्या ऑगस्टअखेर हिमलरच्या आदेशाने अशा सेमिनरी बेकायदा ठरल्या आणि सप्टेंबरच्या शेवटी गेस्टापोने येऊन दारे बंद केली. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तेथील २७ आजी-माजी विद्यार्थ्यांना अटक होऊन गेली होती. काम पुढे पोमेरेनियातल्या खेड्यापाड्यांत लपतछपत, मार्च १९४० पर्यंत चालले. बोनहोफरने सामूहिक जीवनाविषयीचे आपले छोटेसे पुस्तक सेमिनरी बंद पडल्यावर वर्षभराने, १९३८ मध्ये, ग्योटिंगनला आपल्या जुळ्या बहिणीच्या रिकाम्या घरात बसून चार आठवड्यांत लिहिले. ती बहीण आणि तिचे यहुदी वंशाचे यजमान नुकतेच देश सोडून गेले होते. एकत्र राहण्याविषयी लिहायला बसलेल्या माणसाभोवती ओळीने रिकाम्या खोल्या होत्या.

पण मला त्या पुस्तकाइतकीच मोलाची वाटतात ती त्याची परिपत्रके. पांगलेल्या विद्यार्थ्यांना सेमिनरीतून पत्रे जात, त्यांत कोण कोठे आहे, कोण तुरुंगात आहे, कोणाचे लग्न झाले हे असे. आणि चिंतनासाठी उतारेही दिलेले असत. म्हणजे कोणी एकाकी खेड्यातल्या पाळकाच्या घरात, कोणी कोठडीत आणि पुढे युद्ध सुरू झाल्यावर कोणी आघाडीवर, पण शास्त्रातला उतारा तोच. ज्या अर्ध्या तासावर ते वैतागत असत तोच आता त्यांच्या हाती उरला होता.

अलीकडे हा भाग मी नव्याने वाचला, त्याला कारण आहे. लुथरन सेमिनरींची घरे सध्या एकेक करून रिकामी होत आहेत. अमेरिकेत १८२६ मध्ये स्थापन झालेली गेटिसबर्गची सेमिनरी, जिच्या इमारतीत अमेरिकन यादवी युद्धातल्या १८६३ च्या लढाईतले जखमी सैनिक ठेवले गेले होते, ती २०१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या सेमिनरीशी एकत्र झाली. ज्या शिकागोच्या सेमिनरीने सेमिनेक्सच्या माणसांना सामावून घेतले तिने आपली इमारत विकली आणि २०२३ मध्ये ती जवळच्याच एका कॅथलिक धर्मशास्त्रसंस्थेच्या इमारतीत राहायला गेली. पुन्हा तीच शेजारीण. विद्यार्थी कमी झाले आहेत, जे आहेत ते नोकरी-संसार सांभाळून दुरून शिकतात आणि मोठी वसतिगृहे गरम ठेवण्याचा खर्च कोणालाच झेपत नाही. यावर हळहळणारे लेख पुष्कळ लिहिले जातात. हळहळ मलाही आहे, परंतु ती पूर्ण विश्वासाने करता येत नाही. कारण भरलेल्या वसतिगृहात, एकाच छताखाली, दोन टेबलांवर राहून आम्ही एकमेकांचे काय केले ते मी पाहिले आहे.

गेल्या वर्षी अशाच एका दूरशिक्षणाच्या तुकडीच्या निवासी आठवड्यात मला भाषेचे काही तास घ्यायला बोलावले होते. वर्षातून दोनदा ते प्रत्यक्ष भेटतात, एरवी पडद्यावर. जागा भाड्याची होती आणि व्यवस्था चोख होती. जेवण झाले की कर्मचारी येऊन ताटे उचलून नेत आणि आत कोठेतरी भांडी धुण्याचे यंत्र गुरगुरत असे. स्वयंपाकघराच्या दाराशी फळा नव्हता; मी उगीचच पाहिले.

पहिल्या रात्री ताटे उचलली गेली आणि आम्ही वीस-बावीस जण मोकळ्या टेबलांशी बसून राहिलो. कोणालाच उठण्याचे कारण नव्हते आणि बसण्याचेही नव्हते. हात रिकामे असले की माणसे फोन काढतात, तसे फोन निघाले. थोड्या वेळाने एका मध्यमवयीन विद्यार्थिनीने, जी दिवसभर फारसे बोलली नव्हती, विचारले, "रात्रीची प्रार्थना किती वाजता असते?" कोणालाच ठाऊक नव्हते. वेळापत्रकात ती नव्हती. ज्याला जमेल त्याने आपापल्या खोलीत करावी, असे एकाने सुचवले. दुसऱ्याने छापील क्रम घ्यायचा की आपापल्या शब्दांत, असे विचारले तेव्हा मी खिडकीकडे पाहू लागले. ती विद्यार्थिनी म्हणाली, "ते नंतर ठरवू. आधी वेळ ठरवू या." वेळ ठरवण्यात वीस मिनिटे गेली. एकीला मुलांशी फोनवर बोलायचे होते, एकाची रात्रीची नोकरी त्या आठवड्यातही चालूच होती, एक जण लवकर झोपणारा होता. शेवटी पावणेदहा ठरले आणि ते कोणालाच सोयीचे नव्हते.

घंटा नव्हती. म्हणून रात्रीच्या नोकरीवाल्याने आपल्या फोनवर गजर लावला आणि फोन टेबलाच्या मध्यभागी उलटा ठेवून दिला.